निखारा आणि फुंकणी

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात वायगाव नावाचे एक खेडे आहे. तेथील हळदीची कीर्ती एवढी जुनी की गावाच्या नावापुढेच ‘हळद्या’ हे विशेषण कायमचे चिकटून बसले आहे. या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील भिवापूरची मिरचीही अशीच नावाजलेली. वर्ध्याच्या बाजारात ही दोन्ही पिके शेजारी शेजारी विकावयास बसतात. आणि बाजारातून बाहेर पडताच पहिला पानठेला लागतो, तेथे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून घोटण्याचे काम सकाळपासून रात्रीपर्यंत अखंड चाललेले असते. त्या मिश्रणास विदर्भात खर्रा म्हणतात. महात्माजींच्या वास्तव्यामुळे या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. पण खर्ऱ्याने तिची उणीव फारशी भासू दिलेली नाही.

हळद, मिरची, सुपारी, विड्याचे पान, तंबाखू हे पाच जिन्नस महाराष्ट्रातील कोणत्याही घरात वा घराच्या उंबऱ्याशी सापडतील. यांतील काही कर्करोगास हातभार लावतात आणि काही त्याचा हात धरतात, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पुष्कळशी उलगडली. तथापि त्या संशोधनाचे मर्म ध्यानी येण्यास त्यापूर्वीची थोडी हकीकत सांगणे अवश्य आहे, आणि ती सुरू होते एका रेचकापासून.

जमालगोटा कोणास ठाऊक नाही? एरंडाच्या कुळातील हे झाड. त्याचे बी संस्कृतात जयपाल आणि वैद्यांच्या बोलण्यात जेपाळ. शोधन केल्यावाचून ते पोटात देऊ नये असा वैद्यकाचा दंडक आहे. त्याच्या तेलाचा थेंब कातडीस लागला तरी ती लाल होऊन सुजते. अशा या तेलाने कर्करोगाच्या शास्त्राला एक नवी दिशा दाखविली.

जपानमधील यामागिवा आणि इचिकावा या दोघांनी १९१५ साली सशाच्या कानाला महिनोन्‌महिने डांबर चोळून तेथे कर्करोग उत्पन्न करून दाखविला होता. पुढे लंडनमध्ये केनावे व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या डांबरातून बेन्झपायरीन हे द्रव्य वेगळे काढले. तेव्हा विषय संपला असे वाटण्याजोगेच होते: एक विषारी द्रव्य आहे, ते कातडीस पुरेसे लावले की अर्बुद होते. परंतु १९४१ साली ऑक्सफर्ड येथे आयझॅक बेरेनब्लम यांनी एक वेगळाच प्रयोग केला. त्यांनी उंदरांच्या पाठीस बेन्झपायरीन इतके थोडे लावले की एवढ्याने गाठ होणे दुर्मिळच. मग त्याच जागी जमालगोट्याचे तेल लावीत गेले. नुसत्या तेलाने कर्करोग होत नाही, हे माहीत होते. पण दोन्ही मिळून गाठींचे पीकच आले. पुढील काही वर्षांत मॉट्रॅम, आणि स्वतः बेरेनब्लम व शूबिक यांनी हा प्रयोग अधिक काटेकोर केला. विषाचा एकच हात, आणि त्यानंतर तेलाची वारंवार योजना. त्यातून जे दिसले ते विलक्षण होते. क्रम उलटा केला, म्हणजे आधी तेल आणि मागाहून विष, तर काहीच होत नसे. उलट विष लावल्यावर कित्येक आठवडे काही न करता थांबले आणि मग तेल सुरू केले, तरी गाठी यावयाच्या त्या येतच.

चुलीचा अनुभव असलेल्या गृहिणीस हे समजावयास शास्त्राचे शिक्षण नको. राखेखाली निखारा झाकून ठेवला तर तो सकाळपर्यंत टिकतो. त्यावर फुंकणी घातली म्हणजे जाळ होतो. निखारा नसताना कितीही फुंका, नुसती राख उडेल. जीवपेशीत पहिल्या विषाने जो कायमचा बदल घडतो तो निखारा. शास्त्रात त्यास आरंभ म्हणतात. दुसऱ्या द्रव्याने त्या बदललेल्या पेशीस वाढीची जी सारखी चेतावणी मिळते ती फुंकणी. तिला प्रवर्तन असे नाव पडले. उपमेत एक उणेपणा आहे, तो असा की चुलीतला निखारा अखेर विझतो, पेशीतला विझत नाही. पण फुंकणीविषयी उपमा बरोबर ठरते. प्रवर्तक लावण्यात पुरेसे अंतर पडू दिले, किंवा तो वेळीच थांबविला, तर पुष्कळ गाठी येतच नाहीत, आणि आलेल्यांपैकी काही मावळतातही. मनुष्याच्या दृष्टीने या सबंध शास्त्रातील आशेची जागा हीच होय, कारण आयुष्यात एकही निखारा न पडलेला मनुष्य मिळणे कठीण आहे. फुंकणी मात्र बहुधा त्याच्या स्वतःच्याच हाती असते.

जमालगोट्याच्या तेलातील नेमके कोणते द्रव्य हे काम करते, याचा शोध साठीच्या दशकात जर्मनीतील हायडेलबर्ग येथे एरिक हेकर यांनी आणि न्यूयॉर्कमध्ये व्हॅन ड्यूरेन यांनी लावला. ती द्रव्ये फोरबॉलची एस्टरे होत. पुढे १९८२ साली जपानमध्ये निशिझुका यांच्या प्रयोगशाळेत असे दिसून आले की हे द्रव्य पेशीतील एका विशिष्ट विकराला जागे करते, आणि तो विकर निरनिराळ्या प्रथिनांवर फॉस्फेटाचा शिक्का मारीत सुटतो. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील जीवरसायनज्ञ हिरोता फुजिकी यांनी तर निसर्गातील विषे हुडकून त्यांत प्रवर्तक कोणते हे पाहण्याचा सपाटाच लावला. मातीतील जंतूंपासून मिळणारे टेलिओसिडिन त्यांत निघाले, आणि हवाई बेटांत समुद्रस्नान करणाऱ्यांच्या अंगास खाज आणणाऱ्या शेवाळातील विषही. १९८८ साली त्यांच्या गटाने दाखविले की काळ्या समुद्री स्पंजात सापडलेले ओकाडेइक आम्लही उंदराच्या कातडीवर प्रबळ प्रवर्तक आहे. मौज अशी की त्याचा मार्ग जमालगोट्याहून अगदी उलट. जमालगोटा शिक्के मारणाऱ्याला चिथावतो. ओकाडेइक आम्ल शिक्के पुसणाऱ्याचा हात बांधते. परिणाम एकच, की पेशीत शिक्क्यांची गर्दी होते. याच फुजिकींनी १९८७ साली हिरव्या चहातील एक द्रव्य प्रवर्तनाला अडविते असेही दाखविले. विष शोधू गेलेल्यास उताराही सापडावा, हा योग मुंबईतही जुळून आला.

बेरेनब्लम यांचा निबंध ज्या वर्षी निघाला त्याच १९४१ सालच्या २८ फेब्रुवारीस मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळांची धुरा वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ. पण त्यांची दृष्टी सूक्ष्मदर्शकाच्या काचेपुरती नव्हती. रोगी कोठचा, तो नेसतो काय, चघळतो काय, हे ते विचारीत. १९४५ साली त्यांनी व सूर्याबाई यांनी रूढींमुळे होणाऱ्या कर्करोगांवर जो निबंध लिहिला त्यात कमरेला धोतर घट्ट आवळल्याने होणारा कर्करोग आहे, आणि खैनी ओठात धरून ठेवणाऱ्यांच्या खालच्या ओठाच्या खाचेत होणाराही आहे. कर्करोग हे केवळ दैव नव्हे, त्याच्या मागे रोजची सवय असते, हा विचार आज साधा वाटतो. त्या काळी तो साधा नव्हता.

खानोलकरांच्या हाताखाली पुण्याच्या कमल समर्थ, म्हणजे पुढच्या कमल रणदिवे, यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पेशी काचेच्या नळीत वाढविण्याची विद्या त्यांनी अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे आत्मसात केली आणि परतल्यावर मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात तिची प्रयोगशाळा उभारली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. सुपारीचा प्रश्न प्रयोगशाळेत रीतसर आणला तो त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत हॅमस्टर नावाच्या लहानशा प्राण्याच्या गालपिशवीत सुपारीचा अर्क लावण्यात आला. हा प्राणी दाणे गालात साठवून ठेवतो; तेव्हा तोंडात तोबरा धरणाऱ्या मनुष्याची नक्कल करावयास याहून योग्य प्राणी मिळणे कठीण. त्या गालांत तंबाखूवाचून, केवळ सुपारीने, अर्बुदे आली.

याच मंडळींत सुमती भिडे या होत्या. १९७९ साली त्यांनी व कमल रणदिवे यांनी सहकाऱ्यांसह ब्रिटनमधील एका नियतकालिकात जो निबंध छापला त्यात सुपारीचा पाण्यातील अर्क पाजलेल्या उंदरांना अर्बुदे झाल्याचे नमूद आहे. तेव्हापासून पुढची पंधरा एक वर्षे भिडे यांच्या गटाने महाराष्ट्रातील घराघरांतला जवळजवळ प्रत्येक संशयास्पद जिन्नस तपासला. बायका दातांना लावतात ती भाजलेल्या तंबाखूची मशेरीही त्यातून सुटली नाही. विडा चघळणाऱ्यांच्या लाळेत सुपारीतील द्रव्यांपासूनच बनलेली नायट्रोसामिने सापडतात, हे १९८५ साली त्यांनी फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांसह दाखविले. म्हणजे हे विष दुकानातून आलेले नसते. ते चघळणाऱ्याच्या तोंडातच तयार होते. चुन्याचीही भर पडते ती वेगळीच. त्याच्या क्षारतेमुळे सुपारीतून प्राणवायूची अतिशय तापट रूपे निघतात, आणि ती पेशीच्या गाभ्यातील वंशद्रव्यास ओरखडे काढतात. चुन्याने विडा रंगतो म्हणून ज्याचे कौतुक, त्याची ही दुसरी बाजू.

१९८६ साली भिडे यांनी मिरचीस हात घातला. या कामी त्यांच्या जोडीला हायडेलबर्गचे हेकर होते, तेच जमालगोट्याचे द्रव्य शोधणारे. ही जोडी काही अपघाताने जमलेली नव्हती, कारण प्रश्न जमालगोट्याचाच होता. मिरचीही झोंबते, आतड्याचा दाह करते. मग ती फुंकणीचे काम करते की काय? उंदरांना आधी एका नायट्रोसामिनाचा हात देऊन निखारा ठेवण्यात आला आणि मग मिरचीचा अर्क पाजण्यात आला. अशा उंदरांच्या जठरात अर्बुदे वाढण्यास तो अर्क प्रवर्तक ठरला.

या निष्कर्षाने महाराष्ट्रातील स्वयंपाकघरांत घबराट उडावयास हवी होती. उडाली नाही, हे ठीकच झाले, कारण मिरचीची कथा पुढे गुंतागुंतीची निघाली. मेक्सिको शहरात १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मिरची खाणाऱ्यांत जठराचा कर्करोग कित्येक पटींनी अधिक आढळला. उलट, मिरचीतील झोंबणारे मुख्य द्रव्य कॅप्सायसिन उंदराच्या कातडीस लावले असता ते प्रवर्तक तर ठरले नाहीच, जमालगोट्याच्या द्रव्याला ते काहीसे अडविते असेच कोरियातील शास्त्रज्ञांना १९९७ च्या सुमारास दिसले. आणि २०१५ साली चीनमधील सुमारे पाच लाख लोकांच्या पाहणीत रोज तिखट खाणारे इतरांहून थोडे कमीच मरतात असे आकडे आले. यावरून मुंबईचा प्रयोग खोटा ठरत नाही. मोठ्या मात्रेत, आधी विषाने डागलेल्या उंदराच्या जठरात जे घडते ते घडतेच. पण प्रत्येक दाहक वस्तू प्रवर्तक नसते, आणि एका अवयवात प्रवर्तक असलेली दुसऱ्यात तशी असेलच असे नाही. ठेचा खाणाऱ्याने यातून निश्चित असे काही शोधू नये. उत्तर खरोखरीच अर्धवट आहे.

पानाच्या बाबतीत मात्र उत्तर अर्धवट राहिले नाही. विड्याच्या पानाच्या अर्कात हायड्रॉक्सिकॅव्हिकॉल नावाचे द्रव्य असते. आशा आमोणकर, भिडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली असे दाखविले की तंबाखूतील विशिष्ट नायट्रोसामिने जंतूंच्या वंशद्रव्यात जे बिघाड करतात त्यांना हे द्रव्य आळा घालते. प्राण्यांवरील प्रयोगांतही पानाने अर्बुदे कमी झाली. १९९२ साली भिडे व अझुइने यांनी हळद आणि पान एकत्र योजून पाहिले. हॅमस्टरच्या तोंडात नायट्रोसामिनाने कर्करोग उत्पन्न करावयाचा आणि सोबत या दोन घरगुती जिनसा द्यावयाच्या. ज्या प्राण्यांना त्या मिळाल्या त्यांच्या तोंडात अर्बुदे कमी. त्याच वर्षी त्यांनी उंदरांच्या जठरातील व कातडीवरील अर्बुदांसही हळद आवरते असे नोंदविले. त्यापूर्वी १९८८ साली अमेरिकेत कॉनी आणि हुआंग यांनी हळदीतील कुर्क्युमिन जमालगोट्याच्या द्रव्याने होणारे प्रवर्तन थांबविते असे दाखविले होतेच. वायगावच्या हळदीत हे कुर्क्युमिन साधारण जातींहून अधिक असल्याची प्रसिद्धी आहे, आणि तिच्या मानांकनामागे हेही एक कारण आहे. फक्त एक अडचण राहते. पोटात गेलेले कुर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते. म्हणून जेथे हळद थेट पोहोचते, म्हणजे तोंड, जठर, कातडी, तेथील प्रयोग यशस्वी दिसतात. दूरच्या अवयवांविषयी जाहिरातींत जे काही छापले जाते त्यास असा आधार नाही.

आता पानसुपारीचा जुना विडा डोळ्यांपुढे आणावा. त्यात सुपारी होती, चुना होता, पुष्कळदा तंबाखूही होती. पण सर्वांना गुंडाळून घेणारे पान होते, आणि पान महाग, नाजूक, लवकर सुकणारे असल्यामुळे विड्यांची संख्याही आपोआप मर्यादित राही. हा विडा निरुपद्रवी होता असे मुळीच म्हणता येणार नाही, कारण खानोलकरांच्या वेळचे कर्करोगी बहुतेक विडा खाणारेच. तरी त्यात विषाबरोबर थोडाफार उतारा तोंडात जात असे. गुटखा आला आणि पुडीतून पान नाहीसे झाले. खर्ऱ्यातही पान नाही. जो जिन्नस प्रयोगशाळेत निर्दोष, किंबहुना उपकारक ठरला, तेवढाच नेमका गळला, आणि जे दोन दोषी ठरले ते घोटून एकजीव झाले. व्यापाराला पान परवडत नव्हते, एवढेच त्याचे कारण. पुडी महिनोन्‌महिने टिकते, खिशात मावते, आणि शाळकरी पोरालाही घेता येते.

ल्यों येथील संस्थेने १९८५ साली तंबाखूसह विडा कर्करोगकारक असल्याचा निर्णय दिला. पण तंबाखूवाचूनच्या विड्याबद्दल पुरावा अपुरा आहे असे म्हटले. सुपारीच्या व्यापाऱ्यांना तेवढी फट पुरेशी होती. पुढे तैवानमधील आकडे आले. तेथे विड्यात तंबाखू घालण्याची चाल जवळजवळ नाही, तरीही तोंडाचा कर्करोग विपुल. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याच संस्थेने सुपारी स्वतःच मनुष्यात कर्करोग करते असे निःसंदिग्धपणे लिहिले. हॅमस्टरच्या गालाने जे १९७६ साली सांगितले होते ते मान्य होण्यास अठ्ठावीस वर्षे लागली. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर व पानमसाल्यावर, आणि पुढच्याच वर्षी सुगंधी तंबाखू व सुपारीवर बंदी घातली. ठेल्यावरील घोटणे त्यानेही थांबले नाही.

विदर्भातील दवाखान्यांत या सवयीचे जे रूप आता दिसते ते कर्करोगाच्याही आधीचे आहे. तरुण मुलगा येतो आणि सांगतो की तिखट सहन होत नाही, आणि भाकरीचा घास तोंडात जात नाही. डॉक्टर त्याला तोंड उघडावयास सांगून तीन बोटे उभी जातात का ते पाहतात, जात नाहीत. गालाच्या आत पांढरट, ताठ दोऱ्यांसारखे तंतू हाताला लागतात. सुपारीने गालाखालच्या ऊतीत तंतू साचतात आणि तोंड हळूहळू मिटत जाते. हा रोग भारतात १९५३ साली जोशी यांच्या निबंधामुळे नजरेस आला असे वैद्यकाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. तो झालेल्यांपैकी काहींत पुढे कर्करोग उद्‌भवतो.

फुंकणी काढून घेतली तर काय होते, हे मनुष्यांतही पाहिले गेले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता व प्रकाश गुप्ता यांनी डेन्मार्कच्या पिंडबोर्ग यांच्यासह केरळातील एर्नाकुलम, गुजरातेतील भावनगर आणि आंध्रातील श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांतील खेड्यांत सुमारे ३६,००० तंबाखू खाणाऱ्या व ओढणाऱ्या लोकांना गाठले, वर्षानुवर्षे त्यांची तोंडे तपासली आणि सवय सोडण्याविषयी घरोघर समजावून सांगितले. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतानुसार अशा लोकांत तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांचे, म्हणजे कर्करोगाच्या पूर्वचिन्हाचे, नवे प्रमाण घटले. ज्यांनी सवय सोडली त्यांत ते विशेष घटले. उंदराच्या पाठीवर बेरेनब्लम यांनी जे पाहिले होते त्याचीच ही मानवी आवृत्ती. सुपारीने आवळलेल्या गालाचे तसे नाही. सुपारी सोडली म्हणजे रोग पुढे सरकण्याचे बहुधा थांबते, पण साचलेले तंतू विरघळत नाहीत, आणि तोंड जेवढे मिटले तेवढे मिटलेलेच राहते.